बाहेरचा खेळाडू

१९९४ च्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या लेकर्स या बास्केटबॉल संघाने आपल्या सगळ्यात लाडक्या माणसाला प्रशिक्षक केलं. मॅजिक जॉन्सनने याच संघाला खेळाडू म्हणून पाच विजेतेपदं मिळवून दिली होती. त्याच्यासारखा पास देणारा खेळाडू त्या पिढीने पाहिला नव्हता. प्रशिक्षक म्हणून त्याच्या वाट्याला १६ सामने आले. त्यांतले ५ जिंकले, ११ हरले आणि मोसम संपताच त्याने पद सोडलं.

पुढे याच लेकर्सला पाच विजेतेपदं देणारा प्रशिक्षक फिल जॅक्सन. त्याआधी त्याने शिकागो बुल्सला सहा दिली होती. खेळाडू म्हणून हा जॅक्सन न्यूयॉर्क निक्स संघात बराचसा बाकावरून उठून येणारा गडी. पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे १९६९-७० चा अख्खा मोसम तो बाहेर बसला. संघ त्या वर्षी जिंकला, तो बघत राहिला. त्याच्याच हाताखाली शिकागोत खेळलेला स्टीव्ह कर हाही मायकेल जॉर्डनच्या सावलीतला नेमबाज. त्याने पुढे गोल्डन स्टेट वॉरियर्सला प्रशिक्षक म्हणून चार विजेतेपदं मिळवून दिली.

अपवाद आहेत. बॉस्टनचा बिल रसेल हा महान खेळाडू एकाच वेळी संघात खेळत होता आणि प्रशिक्षकही होता. १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदं त्याने अशी दुहेरी भूमिकेत मिळवली. म्हणजे मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होतच नाही, असं नाही. पण मोठं खेळणं ही प्रशिक्षकपदाची तयारी नव्हे, एवढं मात्र ही उदाहरणं सांगतात. मग तयारी होते कुठे?

उत्तर शोधायला महाराष्ट्रातलं क्रिकेट सोयीचं आहे. भारतात बास्केटबॉलपटूला व्यावसायिक कारकीर्द अशी फारशी मिळत नाही. २०१५ ला सुरू झालेली व्यावसायिक लीग २०१७ नंतर बंद पडली आणि खेळाडूचा आधार रेल्वे, पोलीस, सैन्यदल अशा नोकऱ्यांचाच राहिला. क्रिकेटमध्ये मात्र खेळाडू ते प्रशिक्षक हा प्रवास पानोपानी नोंदलेला आहे. त्यातून एक गोष्ट ठळक दिसते. आपले काही उत्तम प्रशिक्षक निवृत्तीनंतर घडलेले नाहीत. स्वतःचं घर सोडून दुसऱ्या राज्याकडून खेळायला गेले, तिथे त्यांचं प्रशिक्षण सुरू झालं.

एका सामन्याचे गुरू

सुरुवात शिवाजी पार्कवरून करावी लागते. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे. १९६३-६४ च्या मोसमात मोईन-उद-दौला स्पर्धेत ते स्टेट बँकेकडून हैदराबादविरुद्ध खेळले, बस्स. तरी त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. सचिन तेंडुलकरचे गुरू म्हणून जग त्यांना ओळखतं. पण त्यांच्या शिष्यांची यादी वेगळ्या नजरेने वाचण्यासारखी आहे. चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, प्रवीण आमरे, पारस म्हांब्रे, संजय बांगर, रमेश पोवार, अमोल मुजुमदार हे सगळे पुढे प्रशिक्षक झाले. सरांच्या नेट्समधून फलंदाज आणि गोलंदाज निघालेच, पण शिकवणारेही निघाले.

सरांनी एकाच दिवसात अनेक मैदानांवर आपल्या मुलांना सामने खेळायला लावायची पद्धत पाडली होती. खेळून शिकायचं, सरांनी दुरून पाहायचं, मोजकं बोलायचं. या पद्धतीत मुलगा तंत्र शिकतोच. शिवाय दुसऱ्याचा खेळ कसा पाहायचा, हेही नकळत शिकतो.

यष्टींमागचा माणूस

चंद्रकांत पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ चा, मुंबईचा. ते यष्टिरक्षक होते आणि फलंदाजीही भरवशाची होती. यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडूवर उठबस करावी लागते. गोलंदाजाचा हात, फलंदाजाचे पाय आणि क्षेत्ररक्षकांच्या जागा या तिन्ही गोष्टी एका रेषेत बघणारा मैदानात तोच एक. त्यामुळे तो अर्धा कर्णधार असतोच.

पंडितांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द मात्र तुकड्यातुकड्यांची. १९८६ च्या एप्रिलमध्ये शारजात जावेद मियाँदादने चेतन शर्माला शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तेव्हा यष्टींमागे पंडित होते. त्याच वर्षी लीड्सला ते पहिली कसोटी खेळले, तीही फलंदाज म्हणून. ग्लोव्ह्ज किरण मोरेंच्या हातात होते. १९८७ च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात दिलीप वेंगसरकर आजारी पडले आणि पंडितांना ऐनवेळी संधी मिळाली. ग्रॅहम गूचच्या स्वीपने तो सामना इंग्लंडकडे गेला. सगळं मिळून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने. भारताच्या संघात त्यांची जागा कायमची कधीच झाली नाही.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये चित्र अगदी उलटं होतं. तिथे आठ हजारांवर धावा, ४८ च्या घरातली सरासरी आणि २२ शतकं. मुंबईचे विजय त्यांनी पाहिले, तसे पराभवही. १९९०-९१ ची रणजी अंतिम लढत मुंबईने हरियाणाविरुद्ध अवघ्या दोन धावांनी गमावली, त्या संघात ते होते. पुढे ते आसामकडून आणि मग मध्य प्रदेशकडून खेळले.

'प्रोफेशनल' म्हणजे काय

रणजी करंडकात प्रत्येक राज्य संघाला मोजके बाहेरचे खेळाडू घेता येतात. स्वतःच्या संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यायचं, करार करायचा आणि दुसऱ्या राज्याची टोपी घालायची. ड्रेसिंग रूममध्ये अशा खेळाडूला 'प्रोफेशनल' म्हणतात. तसे बाकीचेही पैसे घेऊनच खेळतात, पण हे बिरुद पाहुण्यालाच.

पाहुण्याची स्थिती अवघड असते. त्याच्यामुळे एका स्थानिक पोराची जागा गेलेली असते. त्यामुळे त्याने धावा तर करायच्याच, वर आजूबाजूच्या पोरांना सोबत घ्यायचं. मुंबईच्या ड्रेसिंग रूममध्ये काही गोष्टी कुणी कुणाला सांगत नाही. विकेट फेकायची नाही, पहिल्या डावाची आघाडी हातची जाऊ द्यायची नाही, शतक झालं की नव्याने गार्ड घ्यायचा. तिथला 'खडूसपणा' मैदानं, स्थानिक स्पर्धा आणि ज्येष्ठांचे कटाक्ष यांतून आपोआप अंगी उतरतो. इंदूर किंवा गुवाहाटीला तो आपोआप उतरत नाही. तिथे तो शब्दांत मांडावा लागतो, सरावाच्या वेळापत्रकात बसवावा लागतो, आणि समोरच्याच्या गळी का उतरत नाही याचाही विचार करावा लागतो. जे स्वतःला सहज येतं, ते ज्याला येत नाही त्याला समजावणं हेच तर प्रशिक्षकाचं काम. मॅजिक जॉन्सनवर खेळाडू असताना ही वेळ कधी आलीच नव्हती. बाहेरच्या खेळाडूवर ती रोज येते.

पुण्याचे हृषीकेश कानिटकर याचं नेमकं उदाहरण आहेत. १९९८ च्या जानेवारीत ढाक्यात सकलेन मुश्ताकला मारलेल्या विजयी चौकारामुळे ते घराघरांत पोहोचले. पण आंतरराष्ट्रीय हिशेब २ कसोटी आणि ३४ एकदिवसीय सामन्यांवर थांबला. महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं खेळल्यावर ते राजस्थानकडे गेले. तो संघ तेव्हा खालच्या, म्हणजे प्लेट गटात होता. कानिटकरांच्या नेतृत्वाखाली राजस्थानने २०१०-११ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या मोसमात तो राखलाही. बाहेरून आलेला सलामीवीर आकाश चोप्रा त्यांच्या जोडीला होता. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, भारताच्या १९ वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते कानिटकर. राजस्थानातल्या नवख्या पोरांना घेऊन केलेलं कामच त्यांनी पुन्हा, जरा मोठ्या मंचावर केलं.

७५ धावांची आघाडी

पंडितांचा मध्य प्रदेशातला मोठा धडा मात्र पराभवातून आला. १९९८-९९ चा रणजी अंतिम सामना बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकविरुद्ध होता आणि पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार होते. पहिल्या डावात त्यांच्या संघाला ७५ धावांची आघाडी मिळाली. रणजीच्या नियमाप्रमाणे सामना अनिर्णित राहिला तर आघाडीवाला विजेता. म्हणजे शेवटच्या दिवशी नुसतं टिकून राहायचं होतं. विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे डाव कोसळला, सहा गडी त्याने टिपले आणि मध्य प्रदेश ९६ धावांनी हरला.

प्रशिक्षक पंडितांची सारी पद्धत या एका दुपारशी जोडून पाहता येते. संघाकडे धावा होत्या, गुणही होते. दडपणाखाली पाय घट्ट रोवून उभं राहायची सवय नव्हती. ती सवय लावणं हाच पुढे पंडितांचा व्यवसाय झाला.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी आधी मुंबईला २००२-०३ आणि २००३-०४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून दिली. २०१५-१६ मध्ये पुन्हा मुंबई जिंकली. पुढच्या वर्षी अंतिम सामना गुजरातकडे गेला आणि मुंबईने प्रशिक्षक बदलला. २०१७ मध्ये पंडित नागपूरला, विदर्भाच्या संघाकडे गेले.

विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळत होता आणि एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नव्हता. कर्णधार फैज फझल होता, मुंबईहून आलेला वसीम जाफर 'प्रोफेशनल' होता, आणि स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेला रजनीश गुरबानी नवा चेंडू टाकत होता. कोलकात्यात कर्नाटकविरुद्धचा उपांत्य सामना विदर्भाने पाच धावांनी जिंकला. त्यात गुरबानीने १२ बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली, यष्टिरक्षक अक्षय वाडकरने शतक ठोकलं आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून विजेता झाला. पहिलं यश नशिबाचं म्हणून सोडून देता येतं. पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्रला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. त्या सामन्यात आदित्य सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली.

पंडितांच्या शिस्तीची ख्याती सगळीकडे आहे. पावसाळ्यातली लांबलचक शिबिरं, वेळेची कडक अंमलबजावणी, नावाकडे न बघता सगळ्यांना एकच नियम. ही शिस्त आवडणारे आहेत, तशी न आवडणारेही. पण तिच्यामागे विचार आहे. विदर्भ किंवा मध्य प्रदेशसारख्या संघात गुणवत्ता असते, पण आपण अंतिम सामन्याच्या लायकीचे आहोत ही खात्री नसते. ती भाषणाने येत नाही. शिबिरात अंतिम सामन्यापेक्षा कष्टाचे दिवस काढले, तर अंतिम सामन्याची भीती आपसूक कमी होते.

२०२० मध्ये ते मध्य प्रदेशकडे परतले. २०२२ च्या जूनमध्ये रणजीचा अंतिम सामना पुन्हा चिन्नास्वामीवर आणि समोर ४१ वेळचा विजेता मुंबई. मुंबईने ३७४ धावा केल्या, त्यांत सर्फराज खानचं शतक. उत्तरात यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार या तिघांनी शतकं काढली आणि मध्य प्रदेशने ५३६ पर्यंत मजल मारली. आघाडी मिळाल्यावर या वेळी कुणी ढेपाळलं नाही. शेवटच्या डावात १०८ धावा हव्या होत्या, त्या चार गडी गमावून निघाल्या. मध्य प्रदेशचं हे पहिलं रणजी विजेतेपद, पंडितांचं प्रशिक्षक म्हणून सहावं.

समोरच्या ड्रेसिंग रूममध्ये

त्या सामन्यात हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. तेही आचरेकर सरांचेच शिष्य, पंडितांहून तेरा वर्षांनी लहान.

मुजुमदारांविषयी एक किस्सा नेहमी सांगितला जातो. १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून मुजुमदार पॅड बांधून बसून होते. किस्सा खरा आहे, पण त्यात अडकलं की पुढचं दिसत नाही. पुढचं असं. रणजी पदार्पणातच त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पदार्पणातल्या सर्वाधिक धावांचा तो जागतिक विक्रम २०१८ पर्यंत टिकला. त्यांनी १७१ प्रथम श्रेणी सामन्यांत ११,१६७ धावा आणि ३० शतकं केली. आणि भारताकडून एकही सामना खेळले नाहीत. द्रविड, गांगुली, लक्ष्मण, तेंडुलकर यांच्या काळात मधल्या फळीत जागा रिकामी नव्हती.

२००६-०७ मध्ये ते मुंबईचे कर्णधार होते. पहिल्या तीन सामन्यांनंतर संघाच्या खात्यात एकही गुण नव्हता. तिथून सावरत संघ उपांत्य फेरीत गेला, आणि बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावांत पाच गडी बाद अशी अवस्था झाली. तोही सामना मुंबईने जिंकला आणि अंतिम सामन्यात बंगालला हरवून करंडक घेतला. २००९ मध्ये मुजुमदार मुंबई सोडून आसामला गेले, पुढे आंध्रकडून खेळले आणि २०१४ मध्ये थांबले. हा पाहुणेपणाचा काळ. प्रशिक्षक म्हणूनही त्यांनी पाहुण्याचंच काम केलं. नेदरलँड्सच्या फलंदाजांना मार्गदर्शन केलं, राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक झाले, २०१९ च्या भारत दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजांसोबत राहिले. देशाकडून न खेळलेल्या माणसाचं प्रशिक्षक म्हणून मोल आधी परक्यांनी ओळखलं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. दोन वर्षांनी मायदेशी झालेल्या विश्वचषकात हा संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्धचा पराभव तर हातात आलेल्या सामन्यात अवघ्या चार धावांनी झाला. २००६ च्या मुंबईची आठवण व्हावी अशीच ही स्थिती. तीन पराभवांनंतर संघ कसा उभा राहतो, हे मुजुमदारांनी आधी स्वतः अनुभवलं होतं.

इंग्लंडविरुद्ध वगळलेली जेमिमा रॉड्रिग्ज न्यूझीलंडविरुद्ध परतली. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तिला तिसऱ्या क्रमांकावर पाठवायचा निर्णय मैदानात उतरायच्या जरा आधी झाला. लक्ष्य ३३९ धावांचं होतं. मुजुमदारांनी फळ्यावर लिहिलं त्याचा मथितार्थ एवढाच, की त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त करायची आहे. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा पाठलाग कुणी यशस्वी केला नव्हता. जेमिमा १२७ धावांवर नाबाद राहिली आणि भारत नऊ चेंडू राखून जिंकला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांनी पहिला विश्वचषक घेतला. कर्णधार हरमनप्रीत कौर मैदानातच मुजुमदारांच्या पाया पडली.

दोन पद्धती, एक गुण

पंडित कडक, मुजुमदार शांत. पंडित संघाला साच्यात घालतात, मुजुमदार संघाभोवतीचा गोंगाट कमी करतात. दोघेही यशस्वी झाले. म्हणून 'प्रशिक्षक कडक हवा की मवाळ' हा वाद फारसा कामाचा नाही. ज्या संघाला स्वतःवर भरवसा नाही त्याला पंडितांची चौकट उपयोगी पडली. ज्या संघाकडे गुणवत्ता भरपूर होती पण महत्त्वाच्या क्षणी पाय डळमळत होते, त्याला मुजुमदारांचा संयम उपयोगी पडला.

पद्धतीला मर्यादाही असतात. पंडित २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सकडे गेले. २०२४ ला त्या संघाने आयपीएल जिंकली, पण जगभर वेगवेगळ्या संघांत खेळून आलेल्या परदेशी खेळाडूंपैकी एकाने त्यांची शिस्त लष्करी वळणाची असल्याचं उघडपणे सांगितलं. २०२५ मध्ये संघ खाली घसरला आणि पंडितांशी फारकत झाली. रणजी संघासोबत प्रशिक्षक महिनोन्‌महिने राहतो, सवयी लावू शकतो. आयपीएलचा खेळाडू दोन महिन्यांसाठी, स्वतःच्या सवयी घेऊन येतो. जिथे वेळ मिळतो तिथे पंडितांची पद्धत फळते.

पंडित, कानिटकर आणि मुजुमदार या तिघांत समान काय? कुणीही आपल्या पिढीचा सर्वांत मोठा खेळाडू नव्हता. सगळ्यांनी दीर्घकाळ देशांतर्गत क्रिकेट खेळलं. आणि सगळ्यांनी कारकिर्दीच्या उत्तरार्धात परक्या संघात जाऊन आपल्याला जे येतं ते इतरांना समजावण्याचा रियाज केला. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्याकडे खेळाडूचं प्रमाणपत्र होतं, तसा शिकवण्याचा अनुभवही होता.

तालुक्याच्या मैदानासाठी

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीसारख्या गावात वाढणाऱ्या मुलाला या गोष्टीचा उपयोग काय? जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूच बिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. म्हणजे गुणवत्तेचा तुटवडा इथे नाही. खो-खोत धाराशिवच्या सारिका काळेने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळवून दिलं, २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला आणि तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून कामही केलं. आंतरराष्ट्रीय खेळाडू तालुक्याच्या मैदानावर काम करतो, हे मराठवाड्यात घडलेलं आहे.

शाळा, तालुका क्रीडा संकुल किंवा अकादमी प्रशिक्षक शोधते, तेव्हा अर्जावरची पदकं मोजली जातात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे का, हेही बघितलं जातं आणि ते योग्यच आहे. शरीरशास्त्र, सरावाचं नियोजन, दुखापती यांचं शिक्षण नसलेला प्रशिक्षक मुलांचं नुकसान करू शकतो. यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी. या उमेदवाराने आपल्यापेक्षा कमी येणाऱ्या माणसांसोबत किती वर्षं काढली? दुय्यम संघात तो खेळला का, बाकावर बसला का, परक्या गावी जाऊन नवख्यांना घेऊन सामना जिंकला का? ज्याच्या उत्तरात अशी वर्षं आहेत, त्याच्याकडे पदकं दोन कमी असली तरी मुलं त्याच्या हाती द्यावीत.